जाति, जिन्स, जिन्नस

पाच क्ष आणि तीन क्ष मिळून आठ क्ष. पाच क्ष आणि तीन य मिळून मात्र पाच क्ष अधिक तीन य, म्हणजे गाडी जिथल्या तिथेच. हा नियम शाळेत सगळ्यांनी गिरवलेला असतो, त्यामुळे तो समजावण्यात शाई घालवत नाही. कुतूहल आहे ते त्यातल्या शब्दाचे. एकत्र होणाऱ्या पदांना आपण ‘सजातीय’ म्हणतो आणि न होणाऱ्यांना ‘विजातीय’. गणिताच्या वहीत ही जात शिरली कुठून?

आधी क्षकडे एकदा पाहून घेऊ. रोमन एक्सच्या उच्चाराशी जुळते म्हणून हे अक्षर निवडले गेले असावे. पुढे त्यावरूनच क्ष-किरण झाले आणि ‘क्ष व्यक्ती’ही झाली. पण क आणि ष ही दोन विजातीय व्यंजने इतकी एकजीव झाली की त्यांचे मूळ चेहरेही उरले नाहीत, असे हे अक्षर. विजातीयांना एकत्र करू नका हे शिकवायला आपण नेमके तेच घेतले!

आता जात. आपल्याकडे हा नियम लिहिलेला सापडतो तो ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये. तिथे जात नाही. अव्यक्त, त्याचा वर्ग, त्याचा घन अशी यादी देऊन तो सांगतो, की यांतल्या ‘तुल्यां’ची मिळवणी-वजावट करावी आणि ‘अतुल्य’ वेगळे ठेवावेत. तुल्य हा तुलेचा, म्हणजे तराजूचा शब्द. आपले तोलणे, तोळा, तुलना, अतुल हे सगळे त्याच काट्यावरचे. ब्रह्मगुप्ताच्या मनात एका पारड्यात घालता येतील अशा वस्तू असाव्यात. मात्र ज्या अठराव्या अध्यायात हे येते त्याचे नाव ‘कुट्टक’. कुट्ट् म्हणजे कांडणे, बारीक करणे. दाण्याचे कूट त्याच धातूचे दिसते. ‘कूटप्रश्न’ मात्र वेगळ्या कुळातला, त्यातले कूट म्हणजे गूढ किंवा फसवे. या अध्यायाने हैराण झालेल्या विद्यार्थ्याला हे दोन्ही कूट एकच वाटले असल्यास त्याला दोष देता येणार नाही.

पाच शतकांनी, शके १०७२ म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, भास्कराचार्य बीजगणित लिहितात तेव्हा तराजू गेलेला असतो. त्यांचा शब्द आहे ‘समानजाति’. समान जातींची बेरीज किंवा अंतर करावे, भिन्न जातींची ‘पृथक् स्थिति’, त्या आपापल्या जागी राहतात. आपला ‘सजातीय’ हा याच समासाचा आटोपशीर अवतार दिसतो.

भास्कराचार्यांची मांडणी पाहिली की पृथक् स्थिति म्हणजे काय ते डोळ्यांना दिसते. पहिल्या अज्ञाताला नाव ‘यावत्तावत्’, म्हणजे जितके असेल तितके. पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त आद्याक्षरे: या, का, नी, पी, लो. सुट्या, ज्ञात संख्येला रूप म्हणायचे आणि लिहायचे ‘रू’. म्हणजे ‘या ५ रू ३’ आणि त्याखाली ‘या २ रू ७’. याखाली या, रूखाली रू, उत्तर ‘या ७ रू १०’. संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. अधिक-उणेची चिन्हे नाहीत, बरोबरचे चिन्ह नाही, पण कोण कोणाच्या रांगेत बसतो ते चुकायला जागाच नाही. वर्ग आला की ‘याव’, घन आला की ‘याघ’, आणि या दोन्हींची जात ‘या’हून वेगळी. दोन निराळ्या रंगांचा गुणाकार केला तर त्याला ‘भावित’ म्हणायचे. बेरजेत जे जवळ येत नाहीत ते गुणाकारात एक होतात, पण झाल्यावर त्यांची तिसरीच जात होते. वैद्य चूर्णाला एखाद्या रसाची ‘भावना’ देतात तिथेही हाच भू धातू असल्याचे दिसते.

त्या ‘रू’पाशी थोडे थांबायला हवे. आपण रोज ‘रु. ५’ लिहितो. रुपया हा ‘रूप्य’ या शब्दापासून आला आणि रूप्य हे रूपापासून. ज्यावर रूप, म्हणजे ठसा उमटवला आहे ते रूप्य, हे पाणिनीलाही ठाऊक होते. तेव्हा भास्कराचार्यांचा ‘रू ५’ आणि वाण्याच्या पावतीवरचा ‘रु. ५’ यांचा आजा एकच. एक उकार दीर्घ आणि दुसरा ऱ्हस्व, एवढाच काय तो हिशेबातला फरक.

बरे, ‘जाति’ हा शब्द त्या काळच्या गणितात नवा नव्हता. अपूर्णांकांच्या प्रकारांना भागजाति, प्रभागजाति अशी नावे होती. समच्छेद करण्याला ‘सवर्णन’ म्हणत, म्हणजे सगळ्यांना एका रंगाचे करणे. बीजगणितातले अज्ञात म्हणजे ‘वर्ण’, आणि तोच वर्ण अक्षरही. जाति, वर्ण, वर्ग, सवर्ण: आज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शोभतील असे हे शब्द एका खगोलगणितीच्या पोथीत मुकाट हिशेब करत बसलेले आहेत. निवडणुका आल्या की वार्ताहर ‘जातीय समीकरणे’ मांडू लागतात तेव्हा भास्कराचार्यांच्या कोशातले दोन शब्द ते एका दमात वापरतात. आणि यशवंतराव चव्हाणांच्या नावाशी जोडले गेलेले ‘बेरजेचे राजकारण’? ते तर सरळसरळ विजातीय पदांची बेरीज करू पाहणारे. पृथक् स्थिति त्यांना मंजूर नसावी.

जातीचा मूळ अर्थ जन्म, जन् धातूचा. त्यावरून जन्माने ठरणारा प्रकार, मग कोणताही प्रकार. न्यायशास्त्रात गोत्व ही गाईंची जाति. संस्कृतात जाती हे एका फुलवेलीचेही नाव आहे. आपली जाई तिच्यावरून आली. जायफळ म्हणजे जातिफल आणि जायपत्री म्हणजे जातिपत्री. श्रीखंडात जायफळ किसताना कुणाच्या मनात जातीचा विचार येत नाही. शब्द इतका झिजला की निरुपद्रवी होतो.

या सगळ्याचा आमच्या छत्रपती संभाजीनगराशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध दोन पदरी आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेले की पाटणे लागते. तिथल्या देवीच्या देवळात भाऊ दाजी लाडांना एक शिलालेख सापडला. शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले, अशी ती हकीकत. चांगदेवाचे वडील लक्ष्मीधर यांनाही यादव जैत्रपालाने आपल्या पदरी नेले होते. देवगिरी म्हणजे आमच्या शहरापासून हाकेच्या अंतरावरचे दौलताबाद. समानजाति हा शब्द त्या किल्ल्याच्या पायथ्याशी अभ्यासला गेला असणार, यात शंका घ्यायला जागा दिसत नाही.

दुसरा पदर अधिक चमत्कारिक. बीबी का मकबरा पाहायला येणाऱ्यांना वाटाडे हटकून ताजमहालाची आठवण करून देतात. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावरच्या लेखात दोन नावे आहेत: वास्तुरचनाकार अताउल्ला आणि हंसपत राय. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. आणि याच अताउल्लाने हिजरी १०४४ मध्ये, म्हणजे इ.स. १६३४-३५ मध्ये, भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा फारसीत अनुवाद करून तो शाहजहानला अर्पण केला होता. पाटण्याच्या घाटाखालचे गणित शाही दरबारची भाषा शिकले आणि पंचविसेक वर्षांनी त्याचा अनुवादक घाटाच्या वर येऊन मकबरा बांधून गेला. ताजची नक्कल म्हणून त्या इमारतीला नाके मुरडणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे, की तिचा कर्ता अव्यक्त राशींशी खेळणारा होता.

फारसीत जाताना ‘जाति’चे काय होते? तिथला साधा शब्द ‘जिन्स’. इथून पुढे मला खरी मौज वाटते. जिन्स अरबीतून फारसीत आला, पण तो अरबीच्या घरचा नाही. विद्वानांच्या मते तो सिरियाकमार्गे ग्रीक ‘गेनोस’वरून आलेला आहे. गेनोस म्हणजे कूळ, जन्म, प्रकार. आणि गेनोसचा धातू व आपला जन् हे सख्खे भाऊ. म्हणजे जाति आणि जिन्स हे एकाच आजीचे नातू, एक थेट आलेला आणि दुसरा अथेन्स, सिरिया, बगदाद असा वळसा घालून.

पुढचे कोडे वाचकाने स्वतःच सोडवावे असे आहे. उर्दूत एका प्रकारच्या वस्तूंना ‘हमजिन्स’ म्हणतात. फारसी ‘हम’ म्हणजे संस्कृत ‘सम’. स चा ह होणे हा इराणी भाषांचा जुना खेळ, सप्त-हफ्त, सिंधु-हिंदू यांतला. ग्रीकमध्येही तोच स गळून ‘होमो’ झाला. तेव्हा समजाति, हमजिन्स आणि होमोजीनियस हे तीन शब्द पदाखाली पद मांडून पाहावेत: सम, हम, होमो; जाति, जिन्स, गेनोस. दोन्ही रांगा सजातीय. फ्रान्सच्या व्हिएतने १५९१ मध्ये आपल्या बीजगणितात पहिला दंडक घातला तो असा, की होमोजीनियस राशींचीच एकमेकींशी तुलना करावी. त्याला भास्कराचार्य ठाऊक नव्हते. तरी दोघांच्या हाती आला तो एकाच धातूचा शब्द.

मराठीत जिन्स आला तो गणितातून नव्हे, बाजारातून. आला आणि ‘जिन्नस’ झाला. किराणा जिन्नस, फराळाचे जिन्नस, जिन्नसवार यादी. ही जिन्नसवार यादी म्हणजे दुसरे काय? तूरडाळीची रक्कम तूरडाळीत, गुळाची गुळात, आणि सगळ्यांची मिळून होते ती रुपयांची, म्हणजे शेवटी रूपाचीच.

‘अल्-जब्र’ला वगळून चालणार नाही. ख्वारिज्मीच्या नवव्या शतकातल्या ग्रंथाच्या नावात दोन क्रिया आहेत, जब्र आणि मुकाबला. उणे पद पलीकडे नेऊन मोड भरून काढणे म्हणजे जब्र. दोन्ही बाजूंची सजातीय पदे समोरासमोर आणून एकमेकांत वळती करणे म्हणजे मुकाबला. आपल्या विषयाचे खरे नाव मुकाबला हेच, जब्र नव्हे. पण जगाने पहिला शब्द उचलला आणि दुसरा कुस्तीच्या आखाड्यात सोडून दिला. मराठीत मुकाबला आता फक्त झुंजीचा उरला आहे. ताडून पाहणे हा त्याचा जुना अर्थ दफ्तरांबरोबर मिटला.

जब्रचा मूळ अर्थ मोडलेले हाड बसवणे. स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत, डॉन किहोतेतही असा एक भेटतो. आता २०२४ पर्यंत लागू असलेल्या आपल्या दंडसंहितेच्या मराठी अवतारात ‘जबर दुखापत’ असे आणि हाड मोडणे हा तिचा एक प्रकार. मोडणाराही जबर आणि बसवणाराही जब्र! पण इथे जपून पाऊल टाकायला हवे. मराठी जबर हा बहुधा फारसी ‘ज़बर’, म्हणजे वरचा, हा शब्द असावा. जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वर आहे तो. उर्दू लिपीत अक्षराच्या वर मारायच्या रेघेला ज़बर म्हणतात आणि खालच्या रेघेला ज़ेर. त्या ज़ेरवरून आपले जेरीस येणे, जेरबंद होणे. ‘जबरी चोरी’तला जबर मात्र अरबी जब्रही असू शकतो, कारण त्या शब्दाला बळजोरीचा अर्थ आहेच. मराठीने दोन्ही ज एका पिशवीत घातले, आता कोणता कुणाचा हे सांगणे अवघड. विजातीयांची बेरीज करू नये ती अशासाठी.

आपल्या चार मूलक्रियांची नावे पाहिली तरी हीच सरमिसळ. गुणाकार आणि भागाकार संस्कृत, बेरीज आणि वजाबाकी दफ्तरी. भास्कराचार्यांच्या लीलावतीत मिळवणीला ‘संकलन’ आणि वजाबाकीला ‘व्यवकलन’ असे शब्द होते. व्यवकलन विस्मरणात गेले, संकलन चित्रपटांत गेले. मराठेशाहीच्या कागदांत बेरीज म्हणजे महसुलाचा एकूण आकडा. मिळवणे आणि वळते करणे ही रोजची कामे कुळकर्ण्याची, म्हणून त्यांची नावे चावडीवरून आली. गुणाकार-भागाकारांची गरज त्या मानाने ज्योतिष्याला अधिक, म्हणून त्यांची नावे पोथीतून आली. असे असावे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोशाने फारसीला संस्कृत पर्याय दिले, पण बेरजेला कुणी हलवू शकले नाही.

वजाबाकीतला ‘वजा’ तर पाहण्यासारखा आहे. अरबी ‘वज़्अ’ म्हणजे ठेवणे, खाली ठेवणे. त्यावरून काढून ठेवणे, म्हणजे उणे करणे. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ठेवण, घडण, रीत. तो आपल्याकडे प्रत्ययासारखा आला: विनंतीवजा आदेश, किल्लेवजा वाडा, कथावजा लेख. म्हणजे एकच ‘वजा’ मराठीत सारखेपणाही दाखवतो आणि उणेपणाही. विनंतीवजा आदेशातून विनंती वजा केली तर काय उरते, हे सरकारी पत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

शहरातल्या उर्दू शाळांतली मुले याच क्रियांना जमा, तफ़रीक़, ज़र्ब, तक़सीम म्हणतात. यांतले तीन मराठीच्या घरात आधीपासून आहेत, फक्त पोशाख निराळा. जमा आहे ती जमाखर्चातली. तक़सीमची झाली तक्षीम, वाटा या अर्थाने. आणि ज़र्ब म्हणजे घाव. नाण्यावर पाडायचा घाव तोच, गुणाकारही तोच, आणि आपल्याकडे तो ‘जरब’ होऊन बसला. पाढे पाठ नसलेल्या मुलावर मास्तर बसवत ती जरब आणि मास्तर शिकवत तो गुणाकार, हे मुळात एकच होते तर!

या शहराने परिभाषा घडवण्याचे कामही पाहिले आहे. निजामाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले, उर्दू माध्यमाचे, आणि गणितापासून वैद्यकापर्यंत सगळ्याला उर्दू शब्द हवे झाले. त्या काळात मौलवी अब्दुल हक अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम औरंगाबादेतून, म्हणजे इथूनच, चालवत होते. वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़्अ-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ मध्ये अंजुमननेच काढला. नावाचा अर्थ ‘परिभाषेची घडण’, आणि त्यातला वज़्अ म्हणजे आपलाच वजा. सलीम यांचे म्हणणे, उर्दू ही आर्यकुळातली भाषा आहे, तेव्हा शब्द अरबी साच्यात ओतण्यापेक्षा समास करून, उपसर्ग-प्रत्यय लावून बनवावेत. कसीर-रक्मी, म्हणजे बहुपदी, हा शब्द पाहावा. त्यातली ‘रक़म’ म्हणजे आपली रक्कम. आपल्याकडे ती पैशांची, तिथे बीजगणिताचे पद. दुसरा शब्द रुक्न, म्हणजे खांब. आपले पद म्हणजे पाऊल, तमिळमध्ये ‘उरुप्पु’ म्हणजे अवयव, आणि सहगुणकाला उर्दूत म्हणतात ‘अददी सर’, आकड्याचे डोके. सगळे मिळून एक माणूस उभा राहतो.

शेजाऱ्यांनी सजातीयला काय म्हटले? गुजराती सजातीय म्हणते. कन्नड आणि तेलुगू सजाति म्हणतात. बंगाली सदृश म्हणते. मराठीत सजातीयबरोबर ‘सरूप पदे’ हाही शब्द चालतो, आणि जातीचा उल्लेख नको म्हणून तोच बरा, असे मत ऐकू येते. हेतू समजण्याजोगा आहे. पण भास्कराचार्यांच्या परिभाषेत रूप म्हणजे सुटी संख्या, तेव्हा त्यांच्या कानाला ‘सरूप’ म्हणजे जिच्यासोबत सुटा आकडा आहे अशी राशी वाटेल. शिवाय भूमितीतला ‘समरूप’ शेजारी उभा आहेच, परीक्षेत गोंधळ घालायला. माझे मत सजातीयच्या बाजूने पडते. ज्या शब्दाचे नातेवाईक जाईपासून जिन्नसापर्यंत पसरले आहेत, त्याला एकाच अर्थाच्या कोठडीत टाकणे मला पटत नाही.

मराठवाड्यात निजामी काळात शिकलेल्यांच्या घरी उर्दूतली गणिताची क्रमिक पुस्तके अजून ट्रंकांत असतील. ती रद्दीत देण्याआधी बीजगणिताचे दुसरे-तिसरे प्रकरण उघडून पाहावे. सजातीय पदांच्या जागी तिथे ‘हमजिन्स’ दिसला, की आणखी काही, ते जरूर कळवावे.